घरच्या कॉम्प्युटरला मोफत अँटिव्हायरस: आधी काय काढायचं, मग काय टाकायचं

दिवाळीत आत्याकडे फराळाला गेलो, तर चकली तोंडात जायच्या आतच ती म्हणाली, "अरे, तो कॉम्प्युटर बघ ना जरा. फार रडतोय." चार जीबी रॅमचा डेस्कटॉप. बटण दाबलं, चहा पिऊन झाला, तरी स्क्रीनवरचं गोल चाक फिरतंच होतं. उजव्या कोपऱ्यात मिनिटा-मिनिटाला लाल पाटी उगवत होती: 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले आहेत.'

उघडून पाहिलं तर आत दोन अँटिव्हायरस बसलेले. एक मशीनबरोबर ट्रायल म्हणून आलेला, त्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलेली. दुसरा दुरुस्तीवाल्याने 'फ्री आहे, टाकून देतो' म्हणत टाकलेला. व्हायरस मात्र एकही नाही. राखणदारच घर खात होते.

'कुठला फ्री अँटिव्हायरस टाकू?' असं कुणी विचारलं की म्हणूनच मी आधी नाव सांगत नाही. आधी आत काय आहे ते बघायचं, नको ते काढायचं, जे उरलं ते नीट चालतं का तपासायचं, आणि त्यानंतरही गरज वाटली तर नवं आणायचं. बहुतेक घरांत ही शेवटची पायरी लागतच नाही. पुढचं सगळं विंडोजबद्दल आहे.

आधी विंडोज कुठलं ते बघा

सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. तिथे विंडोज 11 दिसलं तर काळजी नाही. विंडोज 10 असेल तर 14 ऑक्टोबर 2025 ही तारीख महत्त्वाची. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट्स आणखी वर्षभर, म्हणजे 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळण्याची सोय कंपनीने जाहीर केली, पण त्यासाठी विंडोज अपडेटच्या पानावरून नाव नोंदवावं लागतं.

यात एक गोम आहे. विंडोज 10 मधल्या अँटिव्हायरसला व्हायरसची नवी ओळखपत्रं ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळत राहणार आहेत. त्यामुळे हिरवी खूण दिसत राहील आणि सगळं आलबेल वाटेल. पण खुद्द विंडोजमध्ये सापडलेली भोकं बुजवायचं काम अँटिव्हायरसचं नाही. दाराला नवं कुलूप आणि मागच्या भिंतीला भगदाड, असा तो प्रकार. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तेव्हा नेमकं हेच झालं होतं. त्या भोकावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं, त्यांना फटका बसला.

विंडोज 7 किंवा 8.1 असलेल्या मशीनला कुठलाही अँटिव्हायरस सुरक्षित करू शकत नाही. त्यावर बँकेचं काम करू नका. पत्ते खेळायला आणि जुनी गाणी ऐकायला ते चांगलं आहे.

पहाऱ्यावर कोण आहे?

स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा. डाव्या बाजूला तळाशी 'सेटिंग्ज' आहे, त्यात 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. इथे अँटिव्हायरस म्हणून नोंद झालेल्या सगळ्यांची यादी दिसते. एकच नाव चालू असेल तर उत्तम. दोन-तीन असतील तर तुमचंही घर आत्याच्या वळणावर गेलंय.

दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट संरक्षण नव्हे. तुम्ही एखादी फाइल उघडलीत की दोघंही ती तपासायला धावतात, एकमेकांच्या कामाकडे संशयाने बघतात आणि डिस्क दोघांच्या ओढाताणीत सापडते. विंडोजमध्येच येणारा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस, म्हणजे डिफेंडर, तेवढा शहाणा आहे. बाहेरचा अँटिव्हायरस आला की तो आपणहून बाजूला होतो आणि तो गेला की पुन्हा उभा राहतो. बाहेरचे दोघं एकमेकांशी असं वागत नाहीत.

नको ते काढा

सेटिंग्ज, 'ॲप्स', 'इन्स्टॉल्ड ॲप्स' असं जाऊन मुदत संपलेला आणि जास्तीचा, दोन्ही अनइन्स्टॉल करा. एका वेळी एकच काढायचा, मशीन रीस्टार्ट करायचं, मग दुसरा. काढताना खिडक्या वाचून बटण दाबा. 'थांबा, 60 टक्के सवलत' असं मोठं हिरवं बटण आणि त्याखाली फिकट राखाडी अक्षरांत 'तरीही काढा' अशी मांडणी हमखास असते.

एवढं करूनही नाव यादीतून जात नसेल तर त्याच कंपनीच्या वेबसाइटवर 'रिमूव्हल टूल' मिळतं. जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्या ते फुकट देतात. ते चालवा, रीस्टार्ट करा, आणि 'विंडोज सिक्युरिटी' पुन्हा उघडा. डिफेंडर जागेवर आलेला दिसेल.

आता ती लाल पाटी. तो व्हायरस नव्हता, ब्राउझरची नोटिफिकेशन होती. कुठल्याशा साइटने 'अलाउ दाबा' म्हटलं, आत्याने दाबलं, आणि तेव्हापासून ती साइट कोपऱ्यात खोटी भीती दाखवत होती. नीट बघितलं तर अशा पाटीवर बारीक अक्षरांत साइटचं नाव लिहिलेलं असतं. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स' इथे जाऊन अनोळखी नावं काढून टाका. आत्याच्या यादीत अकरा होती. पाटीवर एखादा फोन नंबर असेल आणि 'मायक्रोसॉफ्टला फोन करा' लिहिलं असेल, तर तो नंबर चोराचाच समजा. खऱ्या विंडोजच्या इशाऱ्यावर फोन नंबर नसतो.

डिफेंडर नीट लावा

डिफेंडर म्हणजे 'नुसता नावाला' असा समज अजून आहे. हा समज हवेतून आलेला नाही. मायक्रोसॉफ्टचा जुना मोफत अँटिव्हायरस, सिक्युरिटी इसेन्शियल्स, 2012 च्या अखेरीस एव्ही-टेस्ट या जर्मन संस्थेच्या चाचणीत नापास झाला होता. त्या काळात कॉम्प्युटर शिकलेल्यांच्या मनात ते घट्ट बसलंय. पण त्याला आता बराच काळ लोटला. त्याच संस्थेच्या चाचण्यांत गेली काही वर्षं डिफेंडर बहुतेक वेळा पूर्ण किंवा जवळपास पूर्ण गुण घेतो.

'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडा आणि या गोष्टी बघा.

'प्रोटेक्शन अपडेट्स' मध्ये शेवटचं अपडेट कधीचं आहे? आज किंवा कालचं हवं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवणाऱ्या घरांत इथे घोळ असतो. डेटा वाचवायला कुणीतरी विंडोज अपडेटच बंद करून ठेवलेलं असतं, किंवा कनेक्शन 'मीटर्ड' म्हणून लावलेलं असतं आणि अपडेट्स रखडतात. तसं असेल तर दर दोन-तीन दिवसांनी हाताने 'चेक फॉर अपडेट्स' दाबायची सवय लावा.

'मॅनेज सेटिंग्ज' मध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही चालू हवीत. टॅम्पर प्रोटेक्शन असलं की बाहेरून आलेल्या प्रोग्रामला डिफेंडर गुपचूप बंद करता येत नाही. त्याच पानावर खाली 'एक्सक्लूजन्स' आहे. ती यादी रिकामी असायला हवी. तुम्ही न टाकलेलं फोल्डर तिथे दिसलं, तर आधी कुणीतरी, बहुधा क्रॅक, म्हणजे पैशांचं सॉफ्टवेअर फुकट चालवायची चोरवाट, टाकणाऱ्याने, तिथे न तपासायची सूट देऊन ठेवली आहे.

'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' मधल्या 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' मध्ये नको असलेली ॲप्स अडवण्याची सोय आहे, ती चालू करा. टूलबार, नकली 'क्लीनर', 'ड्रायव्हर अपडेटर' असल्या उपटसुंभांना ती दारातच थांबवते.

शेवटची सोय मुळात बंद असते आणि बहुतेकांना माहीतही नसते: 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन' मधला 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. ती चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांतल्या फाइल्समध्ये अनोळखी प्रोग्राम फेरफार करू शकत नाही. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांविरुद्ध हे कामाचं आहे. त्रासही आहे. एखाद्या दिवशी जुन्या हिशेबाच्या किंवा टायपिंगच्या प्रोग्राममध्ये फाइल सेव्हच होणार नाही आणि कारण कळणार नाही. तेव्हा इथे येऊन त्या प्रोग्रामला परवानगी द्यायची. लग्नाचे, बारशाचे फोटो ज्या मशीनवर आहेत, तिथे हा त्रास मी सोसतो.

चालतोय का, ते करून बघा

हे मला सगळ्यात आवडतं, कारण इथे कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. आयकार या युरोपियन संस्थेने अँटिव्हायरस तपासायला एक चाचणी फाइल बनवून ठेवली आहे. आत फक्त 68 अक्षरं. ती कुणाचंही काही बिघडवत नाही, पण सगळ्या अँटिव्हायरस कंपन्यांनी तिला 'व्हायरस' म्हणून ओळखायचं ठरवलेलं आहे. संस्थेच्या वेबसाइटवरून ती डाउनलोड करायचा प्रयत्न करा. ब्राउझरने किंवा डिफेंडरने तत्काळ अडवली पाहिजे. फाइल डाउनलोड्समध्ये आरामात पडून राहिली, तर तुमच्या हिरव्या खुणेला काही अर्थ नाही.

मग दुसरा कधी घ्यायचा?

मला एक कारण खरोखर पटतं. डिफेंडरचा बराच जोर क्लाउडवर, म्हणजे नेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून घेण्यावर आहे. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थेच्या चाचण्यांत नेट बंद असताना त्याची पकड बरीच ढिली पडलेली दिसते, काही स्पर्धकांपेक्षा जास्तच. म्हणजे नेट धड चालत नाही, आणि कामं मात्र दिवसभर दुसऱ्यांच्या पेनड्राइव्हवर, असं घर किंवा घरातलंच छोटं दुकान असेल, तर बाहेरचा अँटिव्हायरस विचारात घ्यायला हरकत नाही. घरात कुणीतरी दिसेल ते डाउनलोड करणारं असेल आणि त्याला आवर घालता येत नसेल, हे दुसरं कारण. पण तिथे अँटिव्हायरसपेक्षा वेगळा इलाज चांगला: त्याला ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं करून द्या.

निवडताना 'हा 99.9 टक्के पकडतो, तो 99.5' यात अडकू नका. पुढच्या महिन्यात हे आकडे उलटेपालटे होतात. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता या तिन्हींना सहा-सहा गुण देते. जुन्या मशीनवाल्याने वेगाचा रकाना आधी वाचावा. चांगल्या फाइलला उगाच चोर ठरवण्याचं प्रमाण किती, तेही बघावं, कारण खोट्या आरडाओरड्याला कंटाळून माणूस एक दिवस सगळंच बंद करतो.

आणि एक प्रश्न विचाराच: हे फुकट आहे, तर कंपनी खाते काय? बहुतेकांचं उत्तर सरळ असतं. फुकटची आवृत्ती म्हणजे पैशांच्या आवृत्तीची जाहिरात. ते चालण्यासारखं आहे. पण अवास्टची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोकांनी कोणत्या साइट्स बघितल्या, याची माहिती जम्पशॉट या तिच्याच उपकंपनीमार्फत विकली जात होती. 2020 च्या जानेवारीत ते उघड झालं आणि जम्पशॉट बंद करावी लागली. 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याबद्दल कंपनीला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले आणि अशी माहिती जाहिरातींसाठी विकायला बंदी घातली. आज अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावं जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. तेव्हा 'अवास्ट नको, एव्हीजी घेतो' म्हणजे त्याच घरात मागच्या दाराने शिरणं.

नावंच हवी असतील तर माझा कल असा. बिटडिफेंडरची मोफत आवृत्ती पहिली: रोमानियाची कंपनी, पकड चांगली, फारशी बटणं नाहीत, बडबड कमी. खातं मात्र उघडावं लागतं. एव्हीजी किंवा अवास्ट टाकलाच तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीच्या पानावर जाऊन माहिती वाटण्याच्या सगळ्या खुणा काढा. कॅस्परस्कीचे चाचण्यांतले गुण नेहमीच चांगले असतात. पण ती रशियन कंपनी असल्यामुळे अमेरिकेने 2024 मध्ये तिच्यावर बंदी घातली, आणि तिथल्या बऱ्याच ग्राहकांच्या मशीनवर कॅस्परस्की जाऊन दुसराच अँटिव्हायरस आपोआप येऊन बसला. आपल्याकडे तशी बंदी नसली, तरी मी कुणाला आपणहून सुचवत नाही. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती ट्रायल संपल्यावर पहारा देत नाही, सांगितलं की तपासते. म्हणून डिफेंडरच्या जोडीला, महिन्यातून एकदा दुसरं मत घ्यायला ती छान. क्लॅमविन मोकळ्या परवान्याचं आहे, पण त्यातही सतत पहारा नाही.

क्विक हीलबद्दल कुणीतरी विचारतंच. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारा भाऊ आणि प्रोग्रामिंग शिकणारा भाऊ अशा काटकर बंधूंनी पुण्यात उभी केलेली ही कंपनी. आपुलकी वाटणं साहजिक आहे. मात्र फुकट मिळते ती मुदतीची ट्रायल, आणि मुदत संपलेल्या ट्रायलचं काय होतं ते आत्याकडे पाहिलंच. तिची अवजारं फुकट हवी असतील तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे बघा. सर्ट-इन ही संस्था ते 2017 पासून चालवते. क्विक हील, ई-स्कॅन आणि के-7 यांच्या मदतीने बनवलेली, बॉट (मशीन दुसऱ्याच्या ताब्यात देणारे प्रोग्राम) काढायची अवजारं तिथून घेता येतात.

डाउनलोड नेहमी कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून. गुगलवर वर येणारा 'प्रायोजित' दुवा सोडून द्या. इन्स्टॉल करताना 'कस्टमाइज' दिसलं तर ते उघडा आणि जोडीला येणारा ब्राउझर, टूलबार यांच्या खुणा काढा. कार्डाचा नंबर मागितला की थांबा. फुकटच्या गोष्टीला कार्ड लागत नाही.

पेनड्राइव्ह आणि झेरॉक्सचं दुकान

आपल्याकडे घरात व्हायरस येतो तो अनेकदा याच वाटेने. प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दुकानात दिला, परत आणून लावला, तर आतले सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी बाण असलेले शॉर्टकट. किंवा पेनड्राइव्हच्याच नावाचा एकुलता एक शॉर्टकट. इथे घाबरून माणूस त्या शॉर्टकटवरच डबल क्लिक करतो. फोल्डर उघडतो, फाइल्स दिसतात, जीव भांड्यात पडतो, आणि त्याच क्लिकने व्हायरस मशीनमध्ये शिरलेला असतो.

फाइल्स कुठेही गेलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. शॉर्टकटला हात न लावता पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये 'हिडन आयटम्स' ची खूण लावा. तरी दिसत नसतील तर 'ऑप्शन्स' मध्ये जाऊन संरक्षित सिस्टीम फाइल्स लपवण्याची खूण काढा. बऱ्याचदा एक बिननावाचा फोल्डर दिसतो. नावाच्या जागी नुसती रिकामी जागा. तुमचं सगळं सामान त्यात असतं. ते मशीनवर कॉपी करा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा, आणि काढलेली खूण परत लावा. पुढच्या वेळी दुकानात पेनड्राइव्हऐवजी फाइल मेल करा.

'व्ह्यू' मध्ये आहातच, तर 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चीही खूण लावून ठेवा. म्हणजे पीडीएफ असल्याचं भासवणाऱ्या प्रोग्रामचं 'पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई' हे सोंग उघडं पडतं. संशय आलाच तर फाइल व्हायरसटोटल या साइटवर टाका, एका वेळी सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस ती तपासतात. आधार कार्ड, बँकेचं स्टेटमेंट असलं काही तिथे चढवू नका. तिथे गेलेली फाइल इतर संशोधकांनाही मिळते.

क्रॅकबद्दल एकच सांगतो. 'चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना ज्याच्यासोबत येते, त्याच्यापुढे कुठलाही अँटिव्हायरस हतबल आहे. दार तुम्हीच उघडून दिलंय.

घुसलाच तर

नेट तोडा. 'स्कॅन ऑप्शन्स' मधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. आधी उघड्या फाइल्स सेव्ह करा. त्यानंतर दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर आणून चालवा. तो दहा दिवसांत कालबाह्य होतो, म्हणून जुना ठेवलेला वापरू नका. पासवर्ड बदलायचे ते फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून, बाधित मशीनवरून नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर स्कॅन-बिन नंतर. आधी बँकेला आणि सायबर गुन्ह्यांच्या 1930 या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आत्याचं मशीन आता चहाचं आधण येईपर्यंत सुरू होतं. दोन्ही अँटिव्हायरस काढले, डिफेंडर लावला, आणि फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. ती डिस्क आत्याने मशीनलाच जोडून ठेवली होती, 'सोयीचं पडतं' म्हणून. काढायला लावली. खंडणीवाला आला तर तो जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. आता ती कपाटात, साड्यांच्या खाली असते.